मेरी रिचर्ड्सची नोकरी

‘द मेरी टायलर मूर शो’ ही विनोदी मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९ सप्टेंबर १९७० रोजी सुरू झाली आणि १९ मार्च १९७७ रोजी १६८ भागांनंतर थांबली. नायिका मेरी रिचर्ड्स तीस वर्षांची, अविवाहित. ज्या डॉक्टरसाठी ती थांबली तो लग्नाचे मनावर घेईना, म्हणून ती मिनीआपोलिसला येते आणि डब्ल्यूजेएम या स्थानिक वाहिनीच्या वृत्तविभागात सेक्रेटरीच्या जागेसाठी मुलाखत देते. ती जागा आधीच भरलेली असते. मिळते ते सहायक निर्मातीचे पद: हुद्दा मोठा, पगार आठवड्याला दहा डॉलर कमी.

जेम्स एल. ब्रूक्स आणि अ‍ॅलन बर्न्स या निर्माणकर्त्यांना मेरी घटस्फोटित हवी होती. सीबीएसने ते मानले नाही. मेरीची भूमिका करणाऱ्या मेरी टायलर मूरने १९६१ ते १९६६ या काळात ‘द डिक व्हॅन डाइक शो’मध्ये नायकाच्या बायकोचे काम केले होते, तिने आता डिक व्हॅन डाइकलाच सोडले असे प्रेक्षकांना वाटेल, ही धास्ती. शेवटी मोडलेल्या प्रेमावर तडजोड झाली, आणि ती मालिकेच्या पथ्यावर पडली. ‘दॅट गर्ल’ या मालिकेच्या नायिकेला पहिल्यापासून प्रियकर होता, ‘ज्युलिया’ची नर्स विधवा होती, मेरीच्या मागे कोणीच नव्हते. निर्मिती मूर आणि तिचे तेव्हाचे पती ग्रँट टिंकर यांच्या एमटीएम या कंपनीची असल्याने लेखकांना मोकळीकही होती.

मालिकेने भाषणे केली नाहीत. १९७२च्या एका भागात मेरीला कळते की तिच्या आधी हेच काम करणाऱ्या पुरुषाला जास्त पगार होता. साहेब लू ग्रँटचे स्पष्टीकरण असे, की त्याला कुटुंब पोसायचे होते. समान वेतनाचा कायदा होऊन तेव्हा नऊ वर्षे उलटली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका भागात मेरीची आई निघता निघता नवऱ्याला गोळी घ्यायची आठवण करते, आणि बाप-लेक दोघेही एकदमच होकार देतात. मेरीची गोळी कोणती, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. अविवाहितांचा संततिनियमनाची साधने मिळवण्याचा हक्क अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्याच मार्चमध्ये मान्य केला होता.

तरीही मेरीला बंडखोर म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कचेरीतले इतर ज्याला ‘लू’ म्हणतात, त्याला ती अखेरपर्यंत ‘मिस्टर ग्रँट’च म्हणते. पात्रांच्या या घडणीतच मालिकेची खरी ताकद आहे. एड अ‍ॅस्नरचा खडूस लू, टेड नाइटचा पोकळ डौलाचा वृत्तनिवेदक टेड बॅक्स्टर, व्हॅलरी हार्परची तिखट जिभेची शेजारीण रोडा आणि बेटी व्हाइटची वरून गोड, आतून खट सू अ‍ॅन ही माणसे विनोदासाठी मेरीवर अवलंबून नव्हती. रोडा, मेरीची मैत्रीण फिलिस आणि लू ग्रँट यांच्यावर पुढे स्वतंत्र मालिका निघाल्या. त्यांतली ‘लू ग्रँट’ तर चक्क गंभीर नाट्यमालिका होती.

ऑक्टोबर १९७५चा चकल्स विदूषकाचा भाग अजूनही अभ्यासला जातो. शेंगदाण्याच्या वेषातल्या चकल्सला मिरवणुकीत हत्ती चिरडतो. सहकारी त्यावर विनोद करतात, मेरी त्यांना दटावते, आणि अंत्यविधीच्या वेळी सारे गप्प असताना तिलाच हसू आवरत नाही. डेव्हिड लॉइड यांना या लेखनाबद्दल एमी पुरस्कार मिळाला. त्याआधी १९७४मध्ये ट्रीव्हा सिल्व्हरमन या लेखिकेलाही या मालिकेसाठी एमी मिळाला होता. एकूण २९ एमींचा मालिकेचा विक्रम २००२मध्ये ‘फ्रेझिअर’ने मोडला.

अखेरच्या भागात वाहिनीचा नवा व्यवस्थापक वृत्तविभागातल्या सगळ्यांना काढून टाकतो. ठेवतो ते फक्त बिनडोक टेडला. त्याच्या आदल्या भागात लू आणि मेरी एकदा जोडीने जेवून पाहतात, पण चुंबन घेता घेता दोघांनाही हसू फुटते. सात हंगामांत लेखकांनी मेरीचे लग्न लावले नाही.