म्हातारचळ नव्हे, जंतुसंसर्ग असू शकतो

पंचाहत्तरीच्या आजी दोन दिवसांपासून सुनेला ओळखत नाहीत. रात्री उठून ‘घरी जायचंय’ म्हणतात, भिंतीवर माणसे दिसतात असे सांगतात. ताप नाही, खोकला नाही. मग ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून कोणी अंगारा लावते, तर कोणी झोपेची गोळी देते. खरा आजार मात्र फुप्फुसात, मूत्रमार्गात किंवा मेंदूच्या आवरणात असू शकतो.

‘तापात वात झाला’ हा शब्दप्रयोग जुन्या पिढीच्या परिचयाचा आहे. वैद्यकशास्त्रात याला ‘डिलिरियम’ म्हणतात. उतारवयात न्यूमोनियासारखा संसर्ग असूनही ताप येतोच असे नाही. कधीकधी गोंधळ हेच पहिले लक्षण असते. संसर्गामुळे शरीरात होणारा दाह, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची घट थकलेल्या मेंदूला पेलत नाही.

फरक कसा ओळखावा?

स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत सुरू होतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. सकाळी बरे, संध्याकाळी भ्रम. रुग्णाला आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. लक्ष टिकत नसेल तर ते लगेच कळते. काही रुग्ण आरडाओरडा न करता नुसते गप्प, सुस्त पडून राहतात. ‘आज शांत आहेत’ असे वाटल्याने हा प्रकार सर्वाधिक निसटतो. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्यांतही अचानक झालेला बिघाड वेगळाच समजावा.

काही संसर्ग थेट मेंदूवर परिणाम करतात. क्षयाचा मेंदूज्वर आपल्याकडे आजही दिसतो. त्यात बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, उदासीनता असे आठवडाभर किंवा अधिक काळ चालते. पाठीच्या मणक्यातील पाणी तपासून निदानाला मदत होते. हर्पिस विषाणूच्या मेंदूदाहात विचित्र वागणे, बोलण्यात चुका आणि झटके येतात; असायक्लोव्हिर तातडीने सुरू करावे लागते. पावसाळ्यानंतर शेतात किंवा गवतात वावरणाऱ्यांत स्क्रब टायफसची शक्यता असते. अंगावर चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा डाग दिसतो का ते पाहावे. तसेच १९१३ मध्ये ‘वेडे’ समजल्या गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांना सिफिलिसचे जंतू सापडले होते. हा आजार संसर्गानंतर अनेक वर्षांनीही डोके वर काढतो. रक्ततपासणीतून त्याचा माग लागतो आणि पेनिसिलिनने उपचार होतो.

मात्र प्रत्येक गोंधळाचे खापर लघवीवर फोडू नये. वृद्धांच्या लघवीत कोणताही त्रास नसतानाही जंतू सापडतात. साखर किंवा सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, डोक्याला मार आणि नवीन औषधे हीही कारणे तपासावी लागतात.

घरी काय करावे?

ताप, ऑक्सिजन आणि मिनिटाचे श्वास मोजावेत. मधुमेह असेल तर साखर पाहावी. बदल कधीपासून झाला ते लिहून ठेवावे आणि चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत. झोपेची गोळी मनाने देऊ नये. धाप, झटका, मान ताठ होणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचे माणूस जवळ असावे.

संसर्ग बरा झाल्यावरही गोंधळ निवळायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. त्यानंतर स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यावी.