भातुकली कोणाची, ट्रॅक्टर कोणाचा?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अंगणवाडी असो वा घरचे अंगण, चार वर्षांचा मुलगा बाहुलीला जोजवू लागला की त्याला हसले जाते; मुलीच्या हातातील ट्रॅक्टर काढून घेतला जातो. वस्तुतः या वयात मूल मोठ्यांची कामे खेळातून करून पाहत असते. बाहुलीमुळे माया व भाषा, तर ठोकळ्यांमुळे आकार व अंतराची जाण वाढते. दोहोंची गरज दोघांनाही असते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे बालशिक्षण खेड्यात नेले, ते परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे. ग्रामपंचायतींनीही महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून खेळणी घेताना मुलगा-मुलगी अशी वाटणी करू नये. हसण्याने खेळ थांबतो आणि त्याबरोबर शिकणेही.