घसा कोणाचा, पेशी कोणाच्या!

‘मुलीचा एएनए १:८० पॉझिटिव्ह आलाय. ल्युपस झाला का?’ एका वाचक भगिनींचा प्रश्न. एएनए ही रक्ततपासणी, आणि ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार. तेवढ्या आकड्यावरून तो ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा आकडा म्हणजे ताकात पाणी घालत जाण्याचा प्रकार: आंबटपणा कुठवर लागतो ते बघायचं. एंग टॅन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये धडधाकट माणसांच्या रक्तातलं सीरम असंच पातळ करून पाहिलं. ४० पटीला जवळपास एक तृतीयांश लोक पॉझिटिव्ह, ८० पटीला १३ टक्के, १६० पटीला ५ टक्के!

मला खरी गंमत वाटते ती या तपासणीतल्या काचपट्टीची. तिच्यावरच्या पेशींवर सीरम सोडतात. आपल्याच पेशीकेंद्रावर उठलेली प्रतिपिंडं, म्हणजेच एएनए, त्यात असली, तर ती केंद्राला चिकटतात; वरून चमकता रंग जोडलेली दुसरी प्रतिपिंडं सोडली, की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे दिवे लागतात. या पेशी ‘हेप-२’. केंद्र मोठं, त्यामुळे ठिपका न् ठिपका दिसतो. एका पुरुषाच्या स्वरयंत्रातल्या कर्करोगापासून त्या वाढवल्या, अशी १९५० च्या दशकातली नोंद. पुढे जनुकीय तपासणीत भलतंच निघालं: या तर हेन्रिएटा लॅक्सच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातल्या पेशी! ही कृष्णवर्णीय बाई १९५१ मध्ये बाल्टिमोरला वारली. तिला न विचारता घेतलेल्या तिच्या पेशी इतक्या दांडग्या, की प्रयोगशाळांत दुसऱ्यांच्या बाटल्यांत शिरून त्या मूळ पेशींनाच हुसकावत. पाटी मात्र जुनीच राहिली. ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. साक्षीला बसलेलीही बाईच, आणि रिपोर्टवर तिचं नाव नाही.

ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १:८० हे फक्त आत शिरण्याचं तिकीट. पुढे दुहेरी साखळीच्या डीएनएविरुद्धची किंवा ‘एसएम’ प्रतिपिंडं, सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांचे गुण मोजतात. आता उलट बाजू: अमेरिकी सैन्यात पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचं जपून ठेवलेलं जुनं सीरम तपासलं, तर ११५ जणांत निदानाआधीच प्रतिपिंडं होती, काहींत नऊ वर्षं आधी. पण हे मागे वळून पाहिलेलं. त्याच्या जोरावर कुणी ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये एएनए घुसडत असेल, तर तो भीतीच विकतोय.

तेव्हा ताई, एएनए पुन्हा पुन्हा करू नका. मुलीचे सांधे सुजतात का, उन्हात चेहऱ्यावर चट्टे येतात का, हे डॉक्टरांना सांगा, आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. ती तपासणी स्वस्तही आहे.