राणीच्या बागेत पेंग्विन बघताय? मग ही झाडंही बघून या

सुट्टीत पोराबाळांना घेऊन मुंबईला गेलं की भायखळ्याची राणीची बाग ठरलेलीच. पेंग्विन, वाघ बघितले की मंडळी बाहेर. पण ही जागा आधी झाडांची बाग आहे, प्राणी नंतर आले. बाग खुली झाली १८६२ मध्ये. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

साधी बाग शोभेसाठी असते. वनस्पती उद्यानात लांबलांबच्या मुलखातल्या जाती मुद्दाम आणून जपतात, लोकांना त्या ओळखता याव्यात म्हणून.

काय बघाल?

गोरखचिंच : मूळ आफ्रिकेची. रांजणासारख्या फुगलेल्या खोडात पाणी साठवते, म्हणून कोरड्या मुलखातही तगते.

कैलासपती : मूळ दक्षिण अमेरिकेचा. फुलं थेट खोडावर येतात. फुलात फण्याखाली पिंड असल्यासारखी दिसते, त्यावरून हे नाव पडलं. फळं तोफगोळ्यासारखी जड, त्यामुळे झाडाखाली थांबू नका.

उर्वशी : मूळ म्यानमारची. लाल-गुलाबी फुलांचे झुबके खाली लोंबतात. हिला बी क्वचितच धरतं, त्यामुळे एक झाड गेलं तर दुसरं तयार करणं सोपं नाही.

ही झाडं टिकली, त्यामागे लोकांची मेहनतही आहे. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायचा मोठा आराखडा आला. जुनी झाडं जातील या भीतीने नागरिक एकत्र आले. नुसता विरोध न करता त्यांनी झाडं मोजली, ओळखली. ३,२१३ झाडं आणि २८६ जाती निघाल्या. तो मूळ आराखडा पुढे गेला नाही.

हे गावातही करता येतं. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. देवराईतलं, पाराजवळचं किंवा बांधावरचं जुनं झाड त्या वहीत आहे का, ते पंचायतीत जाऊन विचारा. नसेल तर नोंद करायला सांगा. रस्ता रुंदीकरणात झाड आडवं झाल्यावर विचारून उपयोग नाही.

कसे जाल?

मध्य रेल्वेच्या भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरा, तिथून बाग चालत जाण्याएवढी जवळ आहे. बुधवारी बाग बंद असते. झाडांवरच्या पाट्या वाचत फिरायचं तर सकाळीच पोहोचा.