कट लांबवण्याची कला

'सैराट'चा शेवट ज्यांनी थिएटरात पाहिला असेल, त्यांना तो चहा आठवत असेल. हैदराबादच्या छोट्याशा घरात नायिका आर्चीचा भाऊ आणि त्याच्यासोबतची माणसं आलेली आहेत. माहेरून आलेल्या भेटवस्तू आहेत आणि पाहुण्यांसाठी चहा टाकला जातोय. पडद्यावर वाईट असं काहीच घडत नाही, आवाज चढत नाही, हत्यार दिसत नाही. तरी २०१६ साली गावोगावच्या थिएटरांत याच क्षणी माणसं खुर्चीत पुढे सरकून बसली. त्यानंतरची आर्ची आणि तिच्या नवऱ्याची हत्या दिग्दर्शक नागराज मंजुळे दाखवत नाहीत. शेजारीण त्यांच्या लहानग्याला दारापर्यंत आणून सोडते, तो आत जातो आणि पडद्यावरचा सगळा आवाज काढून घेतलेला असतो. सुधाकर रेड्डी यांचा कॅमेरा आणि कुतुब इनामदार यांचं संकलन, दोघंही इथे विलक्षण संयमाने वागले आहेत.

चित्रपटातल्या ताणाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा पार्श्वसंगीत आणि अभिनय यांवरच थांबतो. खरी जुळवाजुळव त्याच्या खालच्या थरात असते. प्रेक्षकाला किती कळू द्यायचं हे कॅमेरा ठरवतो. कळल्यानंतर त्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे संकलक ठरवतो. ताण जन्मतो तो या ताटकळण्यातून. म्हणूनच भराभर कट मारले की दृश्य थरारक होतं, हा हल्ली रुजलेला समज मला मुळातच चुकीचा वाटतो.

आल्फ्रेड हिचकॉकने १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. माणसं टेबलाभोवती गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. बॉम्ब आधी दाखवला, किती वाजता फुटणार तेही सांगितलं, तर त्याच गप्पा असह्य होतात. हे सूत्र आता सर्वांना पाठ आहे. ते हिचकॉकने स्वतः कुठवर ताणलं, ते मात्र 'सॅबोटाज' (१९३६) मध्ये पाहावं. एक शाळकरी पोरगा लंडनमध्ये एक पुडकं पोहोचवायला निघालाय. त्यात बॉम्ब आहे हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. तो रस्त्यात रेंगाळतो, मिरवणुकीत अडकतो, बसमध्ये चढतो. घड्याळं, ट्रॅफिकचे दिवे, मांडीवरचं पुडकं, पुन्हा घड्याळ असे शॉट एकामागून एक येत राहतात. आणि बॉम्ब फुटतो. पोराला मारणं ही आपली चूक होती, असं हिचकॉकने पुढे कबूल केलं. इतका वेळ जीव टांगणीला लावून घेतलेल्या प्रेक्षकाला सुटका हवी असते, ती नाकारली की तो दिग्दर्शकावरच चिडतो. मंजुळ्यांनी ती जाणूनबुजून नाकारली. 'सैराट'मध्ये चीड यावी, हाच हेतू होता.

'सायको'तल्या (१९६०) न्हाणीघराच्या दृश्याचा उल्लेख टाळता येत नाही. हल्ल्याचा भाग जेमतेम पाऊण मिनिटाचा, त्यासाठी कॅमेऱ्याच्या ७८ जागा आणि ५२ कट. चित्रीकरणाला जवळपास आठवडा लागला. संकलक जॉर्ज टोमासिनी. हे आकडे सगळे सांगतात. माझं लक्ष मात्र पहिल्या वाराच्या आधीच्या शॉटवर खिळतं. नायिका मॅरियन शॉवरखाली उभी आहे, तिच्यामागे प्लास्टिकचा पडदा. कॅमेरा हळूच त्या पडद्याकडे सरकतो, तीच फ्रेमच्या कडेला जाते आणि पडद्यापलीकडे दार उघडून एक सावली पुढे येऊ लागते. इथे कट नाही. तिची पाठ आहे, पाण्याचा आवाज आहे आणि पाहणारे फक्त आपण. पुढचे सगळे कट भीतीचे आहेत. ताण संपला की भीती सुरू होते, आणि या दोन्हींचं तंत्र वेगळं असतं.

समांतर संकलनाचा, म्हणजे दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवण्याचा, मार्ग त्याआधी कितीतरी वर्षं रुळलेला होता. डी. डब्ल्यू. ग्रिफिथने १९०९ च्या 'द लोनली व्हिला'त घरात शिरू पाहणारे चोर आणि घराकडे धावणारा बाप असे एकमेकांवर कापले. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांतले शेवटच्या रिळातले सगळे नायक त्याच रस्त्याने धावत आले आहेत. आयझेनस्टाइनने 'बॅटलशिप पोटेमकिन'मध्ये (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांवरचा वेळच लांबवला. पायऱ्या उतरायला लागेल त्याहून कितीतरी अधिक वेळ ते सैनिक उतरतच राहतात.

आपल्याकडे कॅमेऱ्याने धाक उभा करण्याचं एक जुनं उदाहरण पुण्याच्या प्रभातचं आहे. व्ही. शांताराम यांच्या 'अमृतमंथन'च्या (१९३४) हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा टेलिफोटो लेन्सने पडदाभर केलेला आहे. कॅमेरा केशवराव धायबर यांचा. नाटकाच्या सवयीने चेहरा आणि हातवारे पाहणाऱ्या त्या काळच्या प्रेक्षकासमोर नुसता डोळा ठेवणं हे मोठं धाडस होतं. भोवतालचं सगळं फ्रेमबाहेर घालवलं की त्या डोळ्याला काय दिसतंय, या विचारानेच आपण अस्वस्थ होतो.

लपवण्याची ही रीत स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (१९७५) गरजेपोटी आली. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा, त्यामुळे तो फारसा दाखवताच येईना. किनाऱ्यावरचं दृश्य आठवा. पोलीसप्रमुख ब्रॉडी वाळूत बसून पाण्याकडे डोळे लावून आहे. कॅमेऱ्यासमोरून पोहायला निघालेली माणसं आडवी जातात, क्षणभर फ्रेम झाकली जाते आणि ती मोकळी होते तेव्हा आपण ब्रॉडीच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ असतो. कट माणसांच्या आड दडवलेला आहे. पाण्यात काळं काहीतरी दिसतं, ती एका म्हाताऱ्याची टोपी निघते. एक पोरगी किंचाळते, ती मस्करी निघते. कुणीतरी ब्रॉडीसमोर वाकून गाऱ्हाणं सांगू लागतो आणि ब्रॉडी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहतो. आपणही मान वाकडी करतो. मग काठी आणायला पाण्यात गेलेला कुत्रा परत येत नाही, नुसती काठी तरंगताना दिसते. संकलक व्हर्ना फील्ड्स यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. खोट्या इशाऱ्यांनी प्रेक्षकाला दमवायचं, तो जरा सैलावला की खरा घाव घालायचा, ही त्यांची चाल आजही जशीच्या तशी वापरली जाते.

त्याच वर्षी 'शोले' आला. गब्बरची पहिली भेट घ्या. आधी बूट दिसतात, कातळावर येरझाऱ्या घालणारे, आणि दगडावरून फरफटणारा पट्टा. चेहरा रोखून धरलाय. हरून आलेले तिघे खाली उभे, वर कड्यावर सांभा. मग पिस्तुलातल्या तीन गोळ्या हवेत उडवल्या जातात, तीन उरतात, चक्री फिरवली जाते. एकेकाच्या कानशिलाला नळी, एकेक रिकामा घोडा. तिघेही वाचतात. गब्बर हसू लागतो, मग ते तिघे, मग सगळी टोळी. हे हसणं पडद्यावर अवाजवी लांबलंय, आणि तीच त्यातली खुबी आहे. सुटलो असं वाटून थिएटरातही हसू फुटतं, आणि नेमक्या त्या वेळी गोळ्या सुटतात. कथा-पटकथा सलीम-जावेद यांची, कॅमेरा द्वारका दिवेचांचा, दिग्दर्शन रमेश सिप्पींचं. पण ते हसणं कुठवर ताणायचं, हा हिशेब कात्रीचा. संकलक माधव शिंदे. 'शोले'ला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलनाचं होतं. या मराठी माणसाचं नाव आपल्यातल्या किती जणांना पटकन आठवतं? गब्बरचे संवाद तोंडपाठ असणाऱ्या महाराष्ट्राने शिंद्यांना विसरावं, याची मला मनापासून खंत वाटते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या रेणू सलुजा यांचं कामही या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखं आहे. विधू विनोद चोप्रांच्या 'परिंदा'त (१९८९) दादरच्या कबुतरखान्यावर भरदिवसा खून होतो. बिनोद प्रधानांच्या कॅमेऱ्याने तिथली गर्दी आणि पंखांची फडफड अंगावर आणली. रोज हजारो मुंबईकर जिथून जातात त्या चौकालाच त्या दृश्याने धोक्याची जागा करून टाकलं. 'परिंदा'च्या संकलनासाठी सलुजांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली त्या गेल्या, पण हिंदी चित्रपटाच्या एका पिढीची लय त्यांच्या हाताखालून गेलेली आहे.

कट अजिबात न करण्याचाही एक ताण असतो. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल'च्या (१९५८) सुरुवातीला मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून अधिक काळ रसेल मेटीचा कॅमेरा क्रेनवरून त्या गर्दीच्या गावातून न थांबता फिरतो. मोटार दिसते, हरवते, पुन्हा दिसते. कट आला असता तर आपल्याला क्षणभर तरी श्वास घेता आला असता. तो मिळत नाही.

मराठीत गेल्या काही वर्षांत हा न कापण्याचा विचार वेगळ्याच दिशेने गेला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. 'फँड्री'त डुकराच्या मागे लागलेलं जब्या या मुलाचं कुटुंब आता त्याला पकडणार, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं राहावं लागतं. पाठलागाच्या ऐन भरात फ्रेम गोठते. थांबण्याची सक्ती कॅमेऱ्याने लादलेली नाही, ती गोष्टीतूनच आलीय. जब्याचं कुटुंब, डुक्कर आणि आपण, सगळेच तिथे अडकतो.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये तर पाठलागही नाही. मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळ दूरवर स्थिर, रिखव देसाईंचं संकलन शॉट संपल्यावरही थोडं थांबणारं. बिनबाह्यांचा पोशाख केलाय म्हणून एका बाईचा खटला न्यायाधीश पुढे ढकलतात, आणि कॅमेरा जराही जवळ जात नाही. कुणाचा चेहरा पाहायचा, कुणावर रागवायचं, हे आपल्याला सांगितलं जात नाही. तारखा पडत राहतात, आरोपी असलेला शाहीर नारायण कांबळे तुरुंगातच राहतो. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि काळोख तसाच पडद्यावर राहू दिला जातो. चित्रपट संपला असं वाटून प्रेक्षक उठायच्या बेतात असतात. तो संपलेला नसतो. पुढचं दृश्य सहलीला निघालेल्या त्याच न्यायाधीशांचं आहे.