कोऱ्या कागदावर अंगठा नको! – वकील निवडताना काय पाहावे?

आषाढ पौर्णिमेची वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर पडत होतो. पायरीवर वस्तीतील एक भगिनी कापडी पिशवी पोटाशी धरून बसली होती. पिशवीत नवऱ्याचा मृत्युदाखला, पोलिसांच्या पंचनाम्याची झेरॉक्स, एक जुने पासबुक आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. एवढाच तिचा खटला!

नवरा हमाली करायचा. रात्रपाळी संपवून घरी येताना टेम्पोने उडविले. इस्पितळात प्रेत ताब्यात मिळायच्या आधीच एक इसम जवळ आला. "वहिनी, आधी एक पैसा द्यायचा नाही. आमचे वकीलसाहेब केस लढतील. पैसे मिळाले की तीस टक्के आमचे." शोकात बुडालेल्या बाईने वकीलपत्रावर आणि तीन कोऱ्या कागदांवर अंगठा दिला, मूळ कागदपत्रेही दिली. पुढे दोन वर्षे ती त्या नंबरावर फोन लावीत राहिली. दाव्याचा नंबर काय, कोर्ट कोणते, तारीख कधी, काहीच ठाऊक नाही.

आम्ही तिच्याबरोबर कोर्टात गेलो. नावावरून शोध घेतला. दावा दाखल झाला होता, पण तारखांना कोणीच हजर न राहिल्याने निकाली निघाला होता. चूक तिची नव्हती, तरी शिक्षा तिलाच झाली. त्या दिवशी आम्ही ठरविले की, या विषयावर कुटुंबाच्या पानात सविस्तर लिहायचे. कारण असे अंगठे आपल्या वस्त्यांतून रोज घेतले जात आहेत.

एकच वकील सगळ्या कामाचा नसतो

आपल्याकडे काळा कोट दिसला की तो वकील, एवढेच पाहिले जाते. पोटदुखीला आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही. मग अत्याचाराचा खटला जमिनीच्या दाव्यांच्या वकिलाकडे का द्यायचा? आपल्या कुटुंबांवर मुख्यतः दोन प्रकारचे प्रसंग येतात. एक, जातीवरून झालेला अन्याय. दुसरा, अपघात वा मृत्यूनंतर विम्याच्या आणि भरपाईच्या पैशाचा. दोन्हींचे कायदे वेगळे, कोर्टेही वेगळी.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचा खटला विशेष न्यायालयात सरकारी वकील चालवितात. मग आपला वकील कशाला? तो सरकारी वकिलांना साहाय्य करतो, साक्षीदारांना धीर देतो, आरोपीच्या जामिनाला विरोध करतो. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतील कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. १९९५ च्या नियमांत आणखी एक सोय आहे. पीडिताने मागणी केली तर जिल्हादंडाधिकारी सरकारी खर्चाने नामांकित ज्येष्ठ वकील नेमू शकतात. हा अर्ज करण्याची आठवण जो वकील स्वतःहून देतो, त्याला हा कायदा कळतो असे समजावे.

वकील मुरलेला हवा, याचे कारण खैरलांजीने आपल्याला शिकविले. २००६ साली भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनाबद्दल शिक्षा ठोठावल्या, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे सिद्ध मानली नाहीत. साऱ्या समाजाला जे दिसत होते, ते न्यायालयात पुराव्याने उभे राहिले नाही. म्हणून पहिल्या फिर्यादीतच जातीचा उल्लेख कोणत्या शब्दांत झाला, शिवीगाळ कोठे झाली, ती कोणाकोणाच्या समोर झाली, हे नीट लिहिले गेले पाहिजे. जातीवाचक शिवीगाळीचा गुन्हा लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. घराच्या चार भिंतींत, कोणी साक्षीदार नसताना झालेली शिवी त्या कलमात बसणे अवघड. जातीचा दाखलाही तयार ठेवावा. धर्म बौद्ध असला तरी या कायद्याचे संरक्षण आपल्याला आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झालेला आहे.

विम्याचे आणि अपघाताचे काम याहून निराळे. मोटार अपघाताची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मागायची असते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही हा दावा करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, तेव्हा तेराव्या-चौदाव्या महिन्याची वाट पाहू नये. आयुर्विम्याचा दावा कंपनीने "आजार लपविला" म्हणून नाकारला, तर वकिलाला विमा कायद्याच्या कलम ४५ बद्दल विचारा. पॉलिसी सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडून पुन्हा चालू केल्यापासून, तीन वर्षे उलटली की कंपनीला अशा कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. हे कलम ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडे विम्याचे काम देऊ नये.

प्रज्ञा, शील आणि करुणा

वकिलाची पारख करायला आम्हाला भगवान बुद्धांच्या शिकवणीतील हीच तीन मापे पुरेशी वाटतात.

प्रज्ञा म्हणजे कामाचे ज्ञान. "किती वर्षे वकिली करता?" एवढे विचारून भागत नाही. "या कोर्टात, या प्रकारच्या किती केसेस चालविल्या? साक्षीपुरावा स्वतः घेतला का? निकाल काय लागले?" असे विचारा. केस ऐकून तिच्यातील कच्चे दुवेही जो सांगतो, तो जाणकार. "शंभर टक्के जिंकून देतो" म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

शील म्हणजे सचोटी. प्रत्येक वकिलाला सनद असते आणि तिचा नंबर असतो. तो विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. वकिलांना जाहिरात करायला आणि माणसे पाठवून पक्षकार गोळा करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणून इस्पितळाच्या दारात आणि स्मशानाच्या वाटेवर जो दलाल भेटतो, त्याच्या मागे उभा असलेला वकील पहिल्याच पावली नियम मोडून आलेला असतो.

करुणा म्हणजे आपले म्हणणे ऐकून घेण्याची तयारी. कामगाराच्या बायकोला जो वकील खुर्ची देतो, मराठीत समजावून सांगतो, तारीख कळवितो, तो अर्धे काम तिथेच करतो.

आता एक नाजूक गोष्ट. वकील आपल्याच समाजाचा असावा का? आपला माणूस असला तर मन मोकळे होते, जातीचा चटका त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या होतकरू वकिलांना काम मिळाले पाहिजे, हेही खरे. पण केवळ "जयभीम" म्हणतो म्हणून डोळे झाकून वकीलपत्र देऊ नये. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. १९२६ साली पुण्याच्या 'देशाचे दुश्मन' खटल्यात ब्राह्मणेतर पुढारी त्यांच्याकडे आले, ते त्यांची जात पाहून नव्हे, त्यांची विद्वत्ता पाहून. आपणही तोच नियम लावावा. आपला असेल आणि लायक असेल तर सोन्याहून पिवळे!

टक्केवारीचा सापळा

"निकाल लागल्यावर तीस टक्के" हा सौदा गरिबाला गोड वाटतो, कारण आज खिशातून काही जात नाही. परंतु मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरविणे, निकालावर फी अवलंबून ठेवणे हे आपल्या देशात बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे. फी आधी ठरवावी. एकूण किती, कोणत्या टप्प्याला किती, टायपिंग आणि कोर्टखर्च त्यात धरला आहे की नाही, हे कागदावर लिहून घ्यावे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. पासबुक, एटीएम कार्ड आणि सही केलेले कोरे धनादेश कोणाच्याही हाती देऊ नयेत. भरपाई आपल्याच नावाच्या खात्यात जमा झाली पाहिजे.

अत्याचाराच्या प्रकरणात सरकारकडून मिळणारे अर्थसाहाय्य हा तर पीडिताचा हक्क आहे. २०१६ च्या नियमांत गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ते ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत ठरविले गेले. हे काम जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातून होते. त्यात ना वकिलाचा वाटा, ना पुढाऱ्याचा.

मोफत वकील ही भीक नव्हे, हक्क आहे

वरच्या भगिनीला आम्ही जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या खोलीत नेले. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, औद्योगिक कामगार, जातीय अत्याचाराचा बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. तालुक्याच्या कोर्टातही अशी समिती असते. १५१०० या नंबरावर फोन करून माहिती विचारता येते. मिळालेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो. आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

तिला तेथे एक तरुण वकील ताई मिळाल्या. त्यांनी दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज दिला, तो मंजूर झाला. आता तारखेला ती स्वतः हजर असते.

जेथे वकील लागतच नाही

वकील ताईंनी पिशवीतील पासबुक सहज चाळले. त्यात एका पानावर ४३६ रुपये आणि २० रुपये कापल्याची नोंद होती. पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची. प्रत्येकी दोन लाखांचा विमा. दुसरा केवळ अपघातासाठी. घरात हे कोणालाच माहीत नव्हते. दावा बँकेत अर्ज देऊन करायचा असतो, तोही शक्य तितक्या लवकर. अर्ज आता दिला आहे, उत्तर यायचे आहे. बारावीत शिकणारी तिची मुलगी एवढेच म्हणाली, "हे पान मी दहा वेळा पाहिलं होतं, काका." आम्ही काय बोलणार?

म्हणून घरी गेल्यावर आधी आपापली पासबुके उघडून पाहा. कारखान्यात नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीबरोबर सात लाखांपर्यंतचा विमाही असतो, हेही लक्षात ठेवा.

विमा कंपनीने दावा नाकारला तर नकार लेखी घ्या, कारणासह. कंपनीकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. मात्र कंपनीच्या अखेरच्या नकारापासून वर्षाच्या आत गेले पाहिजे. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तेथे मुदत दोन वर्षांची. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. प्रकरण गुंतागुंतीचे असले तरच येथे वकील करावा.

फाईल आपल्या घरी

मूळ कागद वकिलाला देण्याची वेळ आली तर पोच घ्या. एरवी प्रती द्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कदापि देऊ नका. दाव्याचा नंबर आणि सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाईलवर ई-कोर्टच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख दिसते. हे काम घरातील शाळकरी मुलेसुद्धा करतात. वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलाची ना हरकत मागा. त्यांनी अडवले तर न्यायालयाकडे परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले आहे. वकिलाने फसविले तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

बंधुभगिनींनो, कोर्टाचे काम लांबते म्हणून खचू नका. चवदार तळ्याचे पाणी आपण १९२७ साली प्यालो. त्याच वर्षी विरोधकांनी महाडच्या कोर्टात दावा लावला. त्याचा अखेरचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे! तेवढी वर्षे बाबासाहेबांनी तो लढा सोडला नाही. आपण निदान आपल्या दाव्याचा नंबर तरी विसरू नये.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसा. वस्तीत कोणाकोणाची केस चालू आहे, कोणाचा विमा अडला आहे, याची एका वहीत नोंद करा. शिकलेल्या मुलामुलींनी ती वही सांभाळावी. पुढच्या वेळी दलाल दारात आला, तर त्याच्या हातातल्या कोऱ्या कागदासमोर आपली लिहिलेली वही असू द्या.

जयभीम!