महागडे रंग घेतले, तरी चित्र का बिघडतं? उत्तर कागदात आहे!

व्हिडिओ बघून जलरंगात आकाश रंगवायला घ्यावं आणि पाच मिनिटांत कागद फुगून वर यावा. ब्रश दोनदा जास्त फिरवला, तर त्याचे कपचे निघावेत. असं झालं की अनेक जण ‘आपल्या हातात कलाच नाही’ म्हणून रंग गुंडाळून ठेवतात. पण दोष बऱ्याचदा हाताचा नसतो, कागदाचा असतो.

जलरंगाचा कागद तीन प्रकारांत मिळतो.

हॉट प्रेस : तापलेल्या रोलरमधून दाबून काढलेला, गुळगुळीत कागद. बारीक रेषा, पानाफुलांचे तपशील यासाठी उत्तम.

कोल्ड प्रेस : उष्णता न देता दाबलेला, मध्यम खरबरीत कागद. शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात सोयीचा.

रफ : यावर उंचवटे आणि खाचा ठळक असतात. जवळजवळ कोरडा ब्रश झरकन फिरवला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खाचा पांढऱ्या राहतात. पाण्यावरची चमक अशीच दाखवतात. उलट, पाणी भरपूर असेल तर अल्ट्रामरीन निळ्यासारख्या रंगाचे कण खाचांत बसतात आणि दाणेदार पोत दिसतो.

मग कागद फुगतो कशामुळे? त्याचा संबंध जाडीशी आहे. पाकिटावरचा ‘३०० जीएसएम’ म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम. त्याहून पातळ कागद ओला करायचा असेल, तर आधी बोर्डवर ताणून चिकटवावा लागतो. शिवाय चांगल्या कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचं ‘सायझिंग’ केलेलं असतं. त्यामुळे रंग लगेच शोषला जात नाही, वर तरळतो आणि पसरवायला वेळ मिळतो.

कॅनव्हासचंही तसंच. जाड विणीवर चेहऱ्याचे बारीक तपशील अडखळतात. तिथे बारीक विणीचा कॅनव्हास घेतात किंवा जेसोचे दोन-तीन हात देऊन, वाळल्यावर पॉलिश पेपरने हलकं घासतात.

खर्चाची चिंता असेल, तर सुरुवातीला रंग साधे चालतील, कागदात मात्र काटकसर नको. २२ × ३० इंचांच्या एका मोठ्या शीटचे साडेसात × अकरा इंचांचे आठ तुकडे होतात. म्हणजे एका शीटमध्ये आठ चित्रं!

आणि दुकानात कागद घेताना तो उजेडात तिरका धरून बघा. खाचांच्या सावल्या दिसल्या, की तो किती खरबरीत आहे ते लगेच कळतं.